दोष कामात असावा, काम करण्यात नव्हे

मराठी रहस्यकादंबरीत नोकरीवर जीव असलेली बाई आली की तिचं पुढं काय होणार, हे मला पहिल्या पन्नास पानांतच कळू लागलं होतं. संपादक म्हणून माझ्याकडे नव्या लेखकांची हस्तलिखितं येत. त्यांतली बरीच रहस्याची असत आणि अलीकडे त्यांतल्या कितीतरी कथांची नायिका मोठ्या हुद्द्यावरची बाई असे. वृत्तवाहिनीची संपादक, पोलीस उपअधीक्षक, शल्यविशारद, आयटी कंपनीतली प्रकल्पप्रमुख. ती हुशार असे, फटकळ असे, रात्री उशिरापर्यंत काम करी. मग तिचं मूल आजारी पडे किंवा हरवे, नवऱ्याचं दुसरीकडे सूत जुळे, घर विस्कटे. अखेर गुन्हेगार सापडे आणि ती राजीनामा लिहून घरी परते. खून कोणी केला याचा निकाल शेवटच्या प्रकरणात लागे, पण हे सगळं तिच्यामुळे घडलं, हा निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असे.

ही हस्तलिखितं लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या. त्यांतल्या अनेकजणी स्वतः नोकरी करणाऱ्या, काही तर मोठ्या जागांवर पोचलेल्या. त्यांना नायिकेचा राग नव्हता, उलट तिच्याविषयी जिव्हाळाच होता. तरीही कथेचा गाडा त्याच उतारावरून त्याच गावी जाई. हे का होतं आणि कसं थांबवता येतं, हे मला एका कादंबरीवर काम करताना कळलं. त्याविषयी लिहायचं आहे.

आधी परंपरेविषयी थोडं. आपल्याकडची लोकप्रिय रहस्यकथा पुरुषांच्या नावांनी ओळखली जाते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली, त्यांतून झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन आणि अमर विश्वास दिले. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांसाठी वाचनालयांत नंबर लागत. या लेखकांनी दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे ऋण मोठं आहे. पण त्या जगात शोध घेण्याचं, चुकण्याचं आणि चूक निस्तरून पुन्हा उभं राहण्याचं काम बहुधा नायकाकडे असे. त्याच्या दोषांना ऐट होती. तो बेदरकार असला, कायदा वाकवणारा असला, तरी त्याला कोणी घरी बसवलं नाही. बाई मध्यभागी आली तेव्हा तिच्यासाठी तयार साचा नव्हता, म्हणून लेखकांनी कौटुंबिक कादंबरीतला साचा उचलला. तिथे घराबाहेर रमलेल्या बाईची शिक्षा आधीपासून ठरलेली होती.

ज्या कादंबरीविषयी सांगते आहे तिची लेखिका बँकेतून निवृत्त झालेली अधिकारी. क्लार्क म्हणून लागल्या, परीक्षा देत देत अधिकारी झाल्या, बदल्या सोसल्या, शाखा सांभाळल्या. बढती म्हणजे बदली, हे समीकरण बँकेतल्या माणसांना सांगावं लागत नाही. मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची आजारपणं बघून कितीतरी बायका बढतीची परीक्षाच देत नाहीत. या बाईंनी दिली होती. 2013 साली अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, तेव्हा आपल्या शाखेतल्या बायकांनी पेढे वाटले होते, असं त्यांनी मला सांगितलं. कादंबरीतली शाखाधिकारी नायिका त्या दिवसानंतर स्वप्नं बघू लागलेली होती. तिला अधिकाऱ्यांच्या श्रेणीत स्केल थ्रीवरून फोरला जायचं होतं, आणि ती हे कोणापासून लपवत नव्हती.

कथा सांगलीत घडते. तिथल्या हळदीच्या पेठेची आणि तासगावच्या बेदाण्याची सगळी नस लेखिकेला ठाऊक होती. बेदाण्याचे बॉक्स शीतगृहात ठेवायचे, त्याची पावती बँकेकडे तारण द्यायची आणि त्यावर व्यापाऱ्याने कर्ज उचलायचं, हा तिथला नेहमीचा व्यवहार. कादंबरीत पावतीवर बॉक्स भरपूर आहेत आणि शीतगृहात कमी. ही तफावत ज्याच्या लक्षात येते त्या देखरेख करणाऱ्या माणसाचा मृतदेह हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ सापडतो. कर्ज मंजूर झालंय ते शाखाधिकारी बाईंच्या आयडीवरून.

पहिल्या खर्ड्यात यापुढची कथा नेहमीच्या वाटेने गेली होती. बाई कामात बुडालेली, त्यामुळे दहावीतल्या मुलाकडे दुर्लक्ष, मुलगा वाईट संगतीत, त्या संगतीचा धागा थेट खुन्यापर्यंत. शेवटी स्वेच्छानिवृत्ती. बँकेचा भाग इतका अस्सल होता की वाचताना हात थांबत नव्हता. घराचा भाग मात्र दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखा वाटत होता.

मी लेखिकेला विचारलं, “या बाईने नोकरीत काय चूक केली?”

त्या म्हणाल्या, “काहीच नाही. ती फार काटेकोर आहे.”

“मग ती या गुन्ह्यात अडकते कशी?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू का मॅडम? बँकेत माणूस अडकतो तो पासवर्डने.”

त्यांनी मग समजावून सांगितलं. बँकेच्या संगणकावर मोठा व्यवहार एकट्याने होत नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मान्यता द्यायची. मेकर आणि चेकर. पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेला असतो. पण 31 मार्चची संध्याकाळ असते, टार्गेटचा आकडा थोडक्यासाठी अडलेला असतो, साहेब लोकांनी बैठकीला बोलावलेलं असतं आणि डे-एंडच्या आत काही फायली पुऱ्या व्हायच्या असतात. अशा वेळी फोनवरून हाताखालच्या माणसाला सहा-आठ अक्षरं सांगण्याचा मोह कोणालाही होईल.

कादंबरी तिथे सापडली. नायिका 31 मार्चला कोल्हापूरला बैठकीत आहे. बढतीची मुलाखत तोंडावर आहे आणि शाखेचा आकडा पुरा झाला तरच तिला त्या मुलाखतीत मान वर करून बसता येणार आहे. ती पासवर्ड सांगते. त्या संध्याकाळी तिच्या आयडीवरून तीन कर्जं मंजूर होतात. दोन तिला माहीत असलेली, तिसरं नसलेलं.

आता तिच्याकडे निरपराध असल्याचा पक्का पुरावा आहे. ज्या मिनिटाला संगणकावर तिच्या नावाने मान्यता नोंदली गेली, त्या मिनिटाला ती पन्नासेक किलोमीटर दूर होती. बैठकीच्या हजेरीपटावर तिची सही आहे. पण तो पुरावा पुढं करायचा तर पासवर्ड दिल्याचं कबूल करावं लागतं, आणि ते कबूल केलं की बढती गेली, कदाचित नोकरीही. निर्दोष ठरायचं तर दोष सांगायला हवा. इतका घट्ट पेच मी क्वचितच वाचला होता. तो पेच नोकरीच्या आतून आला होता. त्यासाठी मुलाला तापाने फणफणवण्याची गरज उरली नव्हती.

मी त्या वेळी एक वाक्य कागदावर लिहून ठेवलं आणि पुढं प्रत्येक चर्चेत त्याचाच आधार घेतला. दोष तिच्या कामात असू दे, काम करण्यात नको. या दोन्हींत फार अंतर आहे. पासवर्ड देणं हा निर्णय आहे. तो तिने घेतला, त्याची जबाबदारी तिची, आणि त्यातून पुढची प्रत्येक घटना उलगडते. रात्री उशिरापर्यंत काम करणं, बढती हवीशी वाटणं, हे तिचं जगणं आहे. त्यातून गुन्हा उलगडत नाही, त्यावर फक्त शेरा मारता येतो. रहस्यकादंबरी शेऱ्यावर चालत नाही. तिला कारण आणि परिणाम लागतात.

तिला घड्याळही लागतं, आणि तेही बँकेनेच दिलं. व्यापारी कर्जाचं व्याज किंवा हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की ते खातं अनुत्पादित ठरतं. 90 दिवसांचा हा निकष आपल्याकडे 31 मार्च 2004 पासून लागू आहे. तोवर खातं इतर खात्यांच्या गर्दीत दडून राहू शकतं, नंतर मात्र वरच्या कार्यालयाची नजर तिकडे वळतेच. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर थकबाकीचे दिवस छापायचं आम्ही ठरवलं. वाचकाला नियम एकदा समजावून दिला की पुढं फक्त आकडा पुरतो. दिवस 61, दिवस 74, दिवस 88.

वाचकाशी प्रामाणिक राहण्याचा प्रश्न यानंतर आला. इंग्लंडमधल्या रहस्यकथाकारांनी 1930 साली डिटेक्शन क्लब स्थापन केला. गुन्ह्याचा उलगडा करणारा धागा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यांच्यातला करार होता. डोरोथी सेयर्स या त्या क्लबच्या संस्थापकांपैकी एक. आमच्या कादंबरीत पासवर्डचा प्रसंग दडवून ठेवून शेवटी धक्का देता आला असता. लेखिकेचा कल तिकडेच होता, कारण तो दिसला तर वाचक नायिकेला लगेच दोषी धरतील, अशी भीती त्यांना वाटत होती. मी म्हटलं, धरू देत. दुसऱ्याच प्रकरणात तो प्रसंग उघडपणे लिहा. बैठकीतला चहा, फोनची थरथर, खोलीबाहेर येऊन तिने हळू आवाजात सांगितलेली अक्षरं. वाचकाला तिचा दोष तिच्या वरिष्ठांच्या आधी कळला, की तो तिच्या बाजूने घाबरू लागतो. ती पकडली जाईल का, या प्रश्नासाठी तो पान उलटतो. दोष लपवला तर आपण फसवले गेलो, एवढीच भावना उरते.

सेयर्स यांचं नाव मी त्या काळात वारंवार घेतलं. 1935 साली आलेली त्यांची ‘गॉडी नाइट’ ही कादंबरी ऑक्सफर्डमधल्या स्त्रियांच्या महाविद्यालयात घडते. तिच्यात खून नाही. निनावी, विखारी चिठ्ठ्या येतात, हस्तलिखितांची नासधूस होते आणि विद्वान बायका एकमेकींकडे संशयाने बघू लागतात. उलगडा होतो तेव्हा कळतं, की एका संशोधिकेने पूर्वी एका पुरुष अभ्यासकाची लबाडी उघड केली होती. त्याने आपल्या सिद्धांताला बाधक असलेला पुरावा दडवला होता. त्याची नोकरी गेली, त्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, आणि सूड उगवला जातो आहे तो त्याबद्दल. कामाशी सचोटी मोठी, की एका माणसाचं पोटपाणी, असा प्रश्न ती कादंबरी विचारते. त्या संशोधिकेला सेयर्स निष्कलंक ठरवत नाहीत. त्या माणसाचं पुढं काय झालं याची तिने कधी चौकशी केली नव्हती, आणि ही उणीव तिला स्वतःलाच जाणवते. पण तिने विद्येचं क्षेत्र सोडावं, असं कादंबरी कुठेही सुचवत नाही.

सेयर्स हे कुठून लिहीत होत्या, हे बघण्यासारखं आहे. 1915 साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये पहिल्या वर्गाचं यश मिळवलं, पण विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. ती 1920 साली मिळाली. पुढं लंडनच्या एका जाहिरात संस्थेत त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. 1924 साली त्यांना लग्नाबाहेर मूल झालं. त्याला त्यांनी एका मावसबहिणीकडे वाढवलं आणि ही गोष्ट आईवडिलांपासूनही लपवून ठेवली. काम, गुपित आणि अपराधाची जाणीव यांचं ओझं त्यांना आतून माहीत होतं.

दुसरं नाव जेन टेनिसनचं. लिंडा ला प्लांट यांनी 1991 साली ‘प्राइम सस्पेक्ट’ ही टीव्ही मालिका लिहिली आणि हेलन मिरेन यांनी ती पोलीस अधिकारी पडद्यावर उभी केली. प्रत्यक्ष पोलीस दलातल्या जॅकी माल्टन या अधिकाऱ्याच्या अनुभवांचा तिला आधार होता. टेनिसन रागीट आहे, हट्टी आहे, पुढच्या भागांत दारूच्या आहारी जाते. तिचं घर टिकत नाही. तरी तिचं तपासकाम हे तिच्या पापाचं मूळ म्हणून दाखवलेलं नाही. ती चुकते तेव्हा तपासात चुकते, आणि त्याची किंमत तपासातच मोजते. लेखिकेने ही मालिका पाहिली आणि मला फोन केला. “आमच्या रिजनल ऑफिसमध्ये अशी एक होती,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एवढा मोकळेपणा मी तोवर ऐकला नव्हता.

मराठीतून रहस्य लिहिताना एक अडचण व्याकरणाची असते. कादंबरीत नायिकेला निनावी मेल येतात. ते पाठवणारी व्यक्ती पुरुष की बाई, हे शेवटपर्यंत कळता कामा नये, कारण पासवर्ड ऐकलेले दोघं होते, एक तरुण अधिकारी आणि एक जुनी क्लार्क. मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हणताक्षणी गुपित फुटतं. ‘मी बघतो’, ‘मी बघते’ तसंच. ‘व्यक्ती’ हा शब्द सारखा वापरला तर लेखक काहीतरी लपवतोय हे वाचक ओळखतो. आम्ही प्रत्येक मेलमधली क्रियापदं तपासली. ‘मी ती पावती पाहिली’, ‘मी बॉक्स मोजले’, ‘मी सांगेन तेव्हाच बोला’. सकर्मक भूतकाळ आणि भविष्यकाळ एवढ्याच वाटा मोकळ्या होत्या. ‘म्हणालो’ चालत नव्हतं, ‘म्हटलं’ चालत होतं. या बंधनामुळे त्या मेलना आपोआप एक थंड, मोजकी धार आली. भाषेने अडवलं आणि तिनेच वाट दिली.

संबोधनांकडेही बघावं लागलं. खर्ड्यात पुरुष अधिकारी सगळे आडनावाने आणि ‘साहेब’ लावून येत होते. नायिका मात्र निवेदनात नुसत्या नावाने आणि एकेरीत. आम्ही निवेदनातली एकेरी तशीच ठेवली, कारण वाचकाला तिच्या जवळ ठेवायचं होतं, पण मग पुरुषांनाही त्याच अंतरावर आणलं. संवादांत शिपाई तिला ‘मॅडम’ म्हणतो, व्यापारी ‘बाईसाहेब’, आणि चौकशी अधिकारी सुरुवातीला ‘मॅडम’, नंतर नुसतं ‘तुम्ही’. एवढ्या बदलातून तिचं पद कसं निसटत चाललंय ते दिसू लागलं.

घराचा भाग काढून टाकावा, असं मी कधीच म्हटलं नाही. नोकरी करणाऱ्या बाईच्या डोक्यात घर दिवसभर असतं, ते न दाखवणं खोटं ठरेल. मुलगा राहिला, सासूबाई राहिल्या, नवरा राहिला. फक्त त्यांच्यावरून शिक्षेचं काम काढून घेतलं. सासूबाई तर फार सुंदर उतरल्या. पोलीस घरी चौकशीला येतात तेव्हा त्या सुनेच्या आधी दाराशी जातात आणि “ती जेवतीये, झाल्यावर येईल” असं सांगून त्यांना बसवतात. मुलगा रागावलेला आहे, पण त्याचा राग आईच्या नोकरीवर नाही, ती आपल्याशी खोटं बोलली याबद्दल आहे. ते खोटंही पासवर्डचंच.

शेवटावर मात्र आमचं बरंच भांडण झालं. विक्री बघणाऱ्या एका सहकाऱ्याचं मत होतं, की वाचकांना पश्चात्ताप हवा असतो, बाईने नोकरी सोडलेली दाखवली की पुस्तक घरोघरी चालतं. लेखिका डळमळल्या. मी त्यांना एवढंच विचारलं, “तुमच्या बँकेत अशा प्रकरणात काय झालं असतं?” त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं. आरोपपत्र, निलंबन, खात्यांतर्गत चौकशी, तिने स्वतः कबुली देऊन तपासाला मदत केली म्हणून बडतर्फी टळणं, वेतनवाढ रोखणं, आडगावची बदली. तोच शेवट लिहिला गेला. नायिका चौकशी अधिकाऱ्यासमोर सगळं सांगते, तेही मुदतीच्या आत, 88व्या दिवशी. खुनी पकडला जातो. बढती जाते. ती बदलीच्या गावी हजर होते आणि दुसऱ्या दिवसापासून काउंटरच्या मागे बसते. तिला अजूनही स्केल फोर व्हायचं आहे.

पुस्तक आल्यानंतर बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत काम करणाऱ्या बायकांची पत्रं आली. काहींनी नायिकेला कडक शब्दांत दोष दिला: नियम माहीत असताना पासवर्ड दिलाच कसा? मला ती पत्रं सगळ्यांत जास्त आवडली. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला विचारावा तसा तो जाब होता. तू घरी का नव्हतीस, असं त्यांतल्या एकीनेही विचारलं नव्हतं.

रहस्यकथा ही न्यायाची गोष्ट असते. कोणी काय केलं आणि त्याबद्दल कोणी काय भोगावं, याचा हिशेब तिला चोख मांडावा लागतो. म्हणून जे आज अशी कादंबरी लिहायला बसले आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या नायिकेला खुशाल चुकू द्या. तिला लोभ असू द्या, मत्सर असू द्या, तिने कागदावर खोटी सही केली तरी चालेल. पण तिने नेमकं काय केलं ते तिच्या टेबलावर, तिच्या फायलीत, तिच्या संगणकात शोधा आणि तेवढ्याचीच शिक्षा तिला द्या. तिला मोठं व्हायचं होतं, या गोष्टीवर आरोपपत्र ठेवू नका.